विकल्प आणि स्मरण

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर वियोगाचे दुःख सर्वच भक्तपरिवाराला झाले. परंतु भटोबासांनी त्या दुःखाचे जे केले ते प्रत्येक साधकाने जाणून घेण्यासारखे आहे. ऋद्धिपूरच्या वाजेश्वरीत ते एकान्ती बसत. म्हाइंभटांनी विचारले असता, आपण स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत आहोत, असे त्यांनी सांगितले. त्या उत्तरातूनच पुढे लीळांचे संकलन सुरू झाले. म्हाइंभट गावोगावी हिंडले, ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांना भेटले, आणि मराठीला लीळाचरित्र लाभले.

भटोबासांनी दुःख दडपले नाही, त्याच्याशी वादही घातला नाही. त्याला आलंबन दिले. हे आलंबन मोघम नव्हते. पैठणचा भोगनारायण, वेरूळचे दीर्घ वास्तव्य, जवळ कोण होते, काय बोलणे झाले, असे ते नेमके असे. स्थानपोथीत तर देवळाचे दार कोणत्या दिशेला, इथपर्यंत नोंद आहे. दुष्ट विचाराला 'जा' म्हटल्याने तो जात नाही, उलट उंबऱ्यावर ठाण मांडतो. मन दुसरीकडे खरोखर गुंतले म्हणजे त्याचा जोर ओसरतो. नुसते ओठ हलविणाऱ्या स्मरणाने मात्र हे घडत नाही.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. विकल्पालाच लोक अनुताप समजतात. अनुतापाला विशिष्ट कर्म दिसते: अमुक बोललो, अमुक चुकलो. म्हणून त्याला प्रायश्चित्ताची वाट असते. 'मी कशाच्याच लायकीचा नाही' या विचारात कर्म कोणते? वैजापूर-गंगापूरकडे पाऊस हुकतो, पीक जळते, कर्जाचा हप्ता थकतो, आणि रात्री अंथरुणावर कर्ता पुरुष स्वतःलाच दोषी ठरवितो. पाऊस न पडणे हे त्याचे कर्म नव्हे. या खंतीला अनुतापाचा मान देऊ नये.

तरीही स्मरणाने सर्व भागते असे म्हणणे धाडसाचे होईल. झोप उडाली, अन्न नकोसे झाले, कामातून मन उठले आणि असे दोन आठवडे चालले, तर तो देहाचाही आजार असू शकतो. त्यावर औषध घेण्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही. तापात औषध घेणाऱ्याला कोणी अश्रद्ध म्हणत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. शासनाने 2022 साली सुरू केलेल्या टेलीमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर घरबसल्या बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे शब्द कोणाच्या तोंडून निघाले, तर आठवडे मोजीत बसू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी वैद्याकडे न्यावे.

नित्य येणारा वासनिक आश्रमात दिसेनासा झाला, तर साधूंनी त्याच्या घरी जावे. उपदेश मागाहून. आधी तो जेवतो का, झोपतो का, हे घरच्यांना विचारावे, आणि मग त्याच्याजवळ बसून एखादी लीळा सावकाश सांगावी.