नोंदवहीतील दोन तारखा

धर्मग्रामाच्या कचेरीत माणसे बहुधा दाखल्यासाठी येतात. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला विवाहाचा; जमिनीच्या वारसासाठी कोणी पणजोबांच्या मृत्यूची नोंद शोधीत असतो. काही महिन्यांपूर्वी एक तरुणी आली, ती मात्र कादंबरीसाठी. आजीच्या पत्र्याच्या पेटीत तिला पत्रांचे एक पुडके सापडले होते. आजोबा दुसऱ्या महायुद्धात लष्करी मोटारी दुरुस्त करणाऱ्या पथकात होते. आजी अंधेरीच्या एका गावठाणातील शेतकरी घरची मुलगी. आज जेथे सीप्झचे कारखाने आहेत त्या बाजूला तेव्हा भातखाचरे होती आणि सांताक्रूझच्या धावपट्टीवर ब्रिटिश वायुदलाची विमाने उतरत. या दोघांचे प्रेम, लग्न, ताटातूट आणि पुनर्भेट यांवर तिला ऐतिहासिक कादंबरी लिहावयाची होती. त्यासाठी लग्नाची नेमकी तारीख हवी होती.

मी विवाहाची जुनी वही काढून दिली. जानेवारी १९४५. समासात शेरा होता की, तीन रविवारच्या घोषणांतून सूट देण्यात आली आहे. लष्करातली रजा थोडी, म्हणून ही घाई, असे मी तिला समजावून सांगितले. मग ती म्हणाली, “फादर, थोरल्या काकांचा बाप्तिस्माही येथेच झाला ना?” मी दुसरी वहीही उघडली. जून १९४५. बोटांवर महिने मोजण्याचे काम तिने माझ्याआधी केले. वही मिटताना माझी चूक माझ्या ध्यानात आली. पण एकदा वाचलेले न वाचलेले कसे करणार?

काका आज ऐंशीचे आहेत. दर रविवारी सकाळच्या पहिल्या मिस्साला पुढून दुसऱ्या बाकावर बसतात.

येथे सांगून टाकतो की, त्या घराची ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत. म्हणजे ज्या कामाची नीती तपासावयास बसलो तेच काम मीही करीत आहे. वाचकांनी हे लक्षात ठेवूनच पुढे वाचावे.

त्या महायुद्धात पंचवीस लाखांवर भारतीय सैन्यात दाखल झाले. त्यांतील किती जणांच्या घरी पत्रांची अशी पुडकी असतील! पण ती वाचताना एक गोष्ट आपण विसरतो. आघाडीवरून येणारे प्रत्येक पत्र लष्करी तपासनीस वाचीत असे. आपण कोठे आहोत, कोणत्या पथकात आहोत, काय पाहिले, हे लिहिण्यास मनाई होती. नवऱ्याने बायकोला लिहिलेली ओळ आधी एक परका अधिकारी वाचणार, हे दोघांनाही ठाऊक होते. त्यामुळे आजोबांच्या पत्रांत पाऊस आहे, डास आहेत, खाण्याची तक्रार आहे, घरच्या बैलाची चौकशी आहे. प्रेमाचा शब्द जवळजवळ नाही. नातीला वाटले, ही रिकामी जागा आपण भरावयाची. ज्याने मौन पाळले त्याच्या मौनात आपण शब्द घालावेत का, हा खरा प्रश्न आहे. वहीतील पाच महिन्यांचा प्रश्न त्याचाच एक भाग.

तिने लिहिलेले पहिले प्रकरण मला वाचावयास दिले. त्यात १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट होतो आणि धुराच्या लोटात नायक-नायिकेची पहिली भेट होते. वर्णन चांगले साधले होते. पण आजी त्या काळी अंधेरी स्टेशनच्या पलीकडे क्वचितच गेली असेल, आणि आजोबा त्या दिवशी मुंबईतही नव्हते. मी हे म्हटल्यावर ती हसली. “फादर, युद्धकाळातली मुंबई म्हटल्यावर स्फोट यायलाच हवा ना!” यात मला मोठे पाप दिसत नाही. कादंबरी वाचणाऱ्याला आपण कादंबरी वाचतो आहोत हे माहीत असते; फसविण्याचा हेतू नसेल तर ती लबाडी नव्हे. संत ऑगस्टीनने तर आपल्या ‘कबुलीजबाबा’त सांगितले आहे की, लहानपणी तो डायडोच्या मरणावर रडला होता, आणि ईनियस कार्थेजला कधी आलाच नव्हता हे विद्वान मंडळी मान्य करतात. त्याला खंत याची की, स्वतःच्या आत्म्यासाठी मात्र तो तेव्हा रडला नाही. ट्रॉयच्या युद्धातून निसटलेल्या त्या माणसाच्या प्रेमकथेवर मात्र शतकानुशतके पोरे रडत आली.

मग अडचण कोठे येते? याचे उत्तर शोधताना मला सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची आठवण झाली. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यांत ते होते. तेथे रुग्णालयात काम करणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१ साली विवाह केला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मुलगा झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या चिनी नावांतील अक्षरे जोडून त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, डॉक्टर वारले. वय अवघे बत्तीस. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ साली व्ही. शांतारामांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. स्वतः शांताराम डॉक्टर झाले, जयश्रीबाई त्यांची चिनी पत्नी. मराठी घरातील युद्धकालीन प्रेमकथेला कथारूप मिळाल्याचे याहून प्रसिद्ध उदाहरण मला ठाऊक नाही.

चित्रपटात डॉक्टर प्लेगच्या साथीशी झुंजतात आणि त्या झुंजीतच त्यांच्या बलिदानाची कथा गुंफलेली आहे. प्रत्यक्षात त्यांना अपस्माराचे झटके येत होते आणि त्यातच त्यांचा अंत झाला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील देशाला हुतात्मा हवा होता. फेफऱ्याने मेलेला माणूस पडद्यावर शोभला नसता, असे कोणाला वाटले असेल तर नवल नाही. पण मी धर्मगुरू म्हणून अशा घरांत गेलो आहे, जेथे मुलीला फेफरे येते हे लपवून ठेवतात, लग्ने मोडतात, आई रात्री दार लावून रडते. अशा एखाद्या मुलीला, आपल्याच रोगाचा एक मनुष्य अखेरपर्यंत शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभा राहिला, हे ऐकून किती बळ आले असते! नायकाला शोभिवंत मरण देताना तिच्या वाट्याचे काहीतरी काढून घेतले गेले. शिवाय ज्या स्त्रीची ही कथा, ती तेव्हा हयात होती. पुढे ती सोलापूरच्या सासरच्या माणसांना भेटावयास भारतात आली, १९६७ साली तरुण मुलाचा मृत्यू तिला पाहावा लागला, आणि २०१२ पर्यंत ती जगली. कथेला शेवट असतो. ज्यांची ती कथा आहे त्यांना पुढचा दिवस काढावाच लागतो.

आपल्या धर्मग्रंथातही एकच कौटुंबिक हकिगत दोन प्रकारे सांगितली आहे. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात सैन्य राब्बा नगराला वेढा घालावयास जाते, दावीद राजा मात्र यरुशलेमेत राहतो, आणि मग उरीयाच्या पत्नीचे प्रकरण घडते. तिला प्रेमकथा म्हणणे मला कठीण जाते, पण ती युद्धकाळातील आहे खरी. उरीयाला आघाडीवर मरावयास पाठविल्याचाही वृत्तांत तेथे लपविलेला नाही. आता इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा विसावा अध्याय काढा. तेच युद्ध, तेच नगर, राजा यरुशलेमेत राहिला हेही तेच. आणि पुढे थेट शत्रूच्या राजाचा मुकुट दाविदाच्या मस्तकी येतो. मधले सारे गळाले. सेमिनरीत असताना मला हा लेखक भित्रा वाटे. आता तसे वाटत नाही. बंदिवासातून परतलेल्या, मोडून पडलेल्या लोकांना तो त्यांच्या मंदिराची आणि उपासनेची परंपरा सांगत होता; प्रत्येक सत्य प्रत्येक वेळी सांगण्याचे ओझे त्याने घेतले नाही. तरीही संत मत्तय येशूची वंशावळ लिहितो तेव्हा तो शलमोनाच्या आईला तिच्या नावाने नव्हे, तर उरीयाची पत्नी म्हणूनच नोंदवितो. प्रभूच्या कुटुंबवृक्षावरील ती फांदी त्याने छाटली नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत दोन्ही बाजूंनी कडक आहे. खोटे बोलू नये. आणि दुसऱ्याचे खरे दोषही योग्य कारणावाचून, ज्यांना ते ठाऊक नाहीत त्यांच्यापुढे उघड करू नयेत. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात दोन्ही गोष्टी एकाच आज्ञेखाली आल्या आहेत. मृतांचे नावही त्यांच्या मागे राहिलेल्यांच्या घरात जिवंत असते. ऑगस्टीनने स्वतःची पापे जगापुढे मांडली, पण जिच्याबरोबर तो अनेक वर्षे राहिला आणि जिच्यापासून त्याला मुलगा झाला, तिचे नाव लिहिले नाही. तिला दूर करताना झालेली जखम त्याने सांगितली. नाव राखून ठेवले. काहींना त्यात निष्ठुरपणा दिसतो. मला वाटते, स्वतःची लाज सांगण्याचा अधिकार त्याचा होता, तिची सांगण्याचा नव्हता.

हे सारे मी त्या मुलीला सांगितले, आणि मग म्हटले, “तू काकांना विचार.” ती घाबरली. मीही घाबरलो होतो, कारण वही मी उघडली होती. शेवटी एका रविवारी संध्याकाळी आम्ही दोघेही काकांच्या घरी गेलो.

काकांनी ऐकून घेतले, चष्मा पुसला. म्हणाले, “फादर, मला चौदाव्या वर्षापासून ठाऊक आहे. शाळेत दाखला लागला होता. आईने स्वतःच सांगितले.” मग त्यांनी पुतणीकडून तिची वही मागून घेतली. तिच्या नव्या प्रकरणात नायिका रात्रभर उशीत तोंड खुपसून रडते, वडिलांच्या पाया पडते, विहिरीच्या काठी उभी राहते. काकांनी ते पान दोनदा वाचले.

“स्फोट राहू दे,” ते म्हणाले, “पाच महिनेही राहू देत, नाव तेवढे दुसरे घाल. पण बाय, हे रडणे काढ. आई रडली नव्हती. बाबा परत येणार हे तिला ठाऊक होते. ती लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा खळ्यावर कामाला गेली होती, आणि कोणी विचारले तर दिवस गेल्याचे सरळ सांगत होती. आजोबांनी तिला मारले. ते तिने मला सांगितले, पण रडून नाही.”

मुलीने पेन काढले, पण लिहिले काहीच नाही. “मग ती काय करीत होती, काका? रात्री?” काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ते तिने सांगितले नाही.”