क्षमा आणि नोंदवही

अपराध्यास क्षमा मिळाल्यावरही त्याच्या अपराधाची नोंद लोकांपुढें असावी काय? अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, देखरेखीची मुदत नीट पार पाडणाऱ्या अपराध्याचा दोषनिर्णय न्यायालय पुष्कळ गुन्ह्यांत रद्द करूं शकतें. तरी तो मनुष्य डॉक्टर असल्यास त्याच दोषावरून वैद्यकीय मंडळ त्याच्या परवान्यावर कारवाई करूं शकतें, आणि ती कारवाई सर्वांस पाहावयास खुली राहते. मात्र न्यायालयाच्या हुकुमाची प्रमाणित नक्कल डॉक्टरानें पाठविल्यावर, सहा महिन्यांच्या आंत त्याचीही सूचना मंडळानें प्रसिद्ध करावी, असा कायदा आहे.

कोणी म्हणेल, ही क्षमा अर्धवट झाली. आम्हांस तसें वाटत नाहीं. रोगी आपला देह ज्याच्या हातीं देतो, त्यास ओळखण्याचा त्याला हक्क आहे. क्षमा कृपेनें मिळते. भरवसा वर्तनानें मिळवावा लागतो.

पेत्रानें प्रभूस नाकारिलें, हें चारही शुभवर्तमानांत आहे. मंडळीनें तें खोडिलें नाहीं. पण त्याच पेत्रास प्रभूनें आपलीं मेंढरें सोंपिलीं, हेंही योहानानें लिहून ठेविलें. दोष लिहून क्षमा वगळणारी नोंद खोटी साक्ष देते.

अशी एक न लिहिलेली वही आपल्या गांवांतही असते. ज्यास मंडळीनें पुन्हां प्रभुभोजनास घेतलें, त्याचा जुना दोष आपण चावडीवर सांगतों. त्याचा पश्चात्तापही सांगतों काय? बंधुभगिनींनो, ती वही प्रत्येकानें आधीं तपासावी.