सत्यापनाखालची सही

आमच्या पेशातले एक ज्येष्ठ वकील आहेत. ज्युनियर असताना त्यांच्या उलटतपासाच्या नकला मागून आणून मी वाचत असे. यंदा एका व्याख्यानात त्यांनी दोन विधाने केली. कृत्रिम बुद्धिमत्तेला वकिलांचा जो विरोध चालला आहे तो नीतीपोटी नसून धंदा वाचवण्यासाठी आहे, हे पहिले. दुसरे असे, की या यंत्राचा खरा दोष एकच: ते अधूनमधून नसलेले निवाडे रचून देते. निवाडा तपासून घेतला की प्रश्न संपला, आणि यंत्र सुधारले की तपासण्याचीही गरज राहणार नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. पहिल्या विधानात बरेच तथ्य आहे. दुसऱ्या विधानाचा मात्र प्रतिवाद झाला पाहिजे. आज ते बाररूममध्ये सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि उद्याचे नियम त्याच समजुतीवर बेतले जातील अशी चिन्हे आहेत.

खोट्या निवाड्यांची हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. विमानात खाण्यापिण्याचे वाढायची गाडी गुडघ्याला लागून जखमी झालेल्या प्रवाशाच्या दाव्यात न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल केले. ते खरे आहेत ना, असे वकिलाने यंत्रालाच विचारले होते आणि यंत्राने होकार दिला होता. जून २०२३ मध्ये न्यायाधीश कॅस्टेल यांनी ५,००० डॉलर दंड केला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आकारणी आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. आदेशाला आधार म्हणून दिलेले तीन निवाडे कुठे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने पुढे केलेले उत्तर पडताळल्याशिवाय वापरू नका, अशी समज न्यायालयाने दिली. खास कायद्यासाठी बनवलेली, पैसे मोजून घ्यायची साधनेही यातून सुटलेली नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अशी काही साधने तपासली, तेव्हा १७ ते ३३ टक्के उत्तरांत असा रचलेला किंवा निराधार मजकूर निघाला. यंत्राला फसवायचे नसते. पुढे कोणता शब्द शोभेल एवढे ते अफाट मजकुराच्या सवयीने ठरवते. ‘विरुद्ध’च्या दोन बाजूंना दोन नावे, मग वर्ष, मग रिपोर्टचे पान, हा साचा त्याला पाठ असतो. तो निवाडा खरोखर झाला होता का, याची नोंद साच्यात नसते.

न्यायालयांवर हा प्रसंग पहिल्यांदा आलेला नाही. ‘तपासले की झाले’ या मताची परीक्षा आपल्याच देशात एकदा होऊन गेली आहे, आणि तिच्यावर मला जास्त पाने खर्च करायची आहेत.

१७७२ मध्ये बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज याने ठरवले, की वारसा, विवाह वगैरे बाबतीत हिंदूंना त्यांचे शास्त्र आणि मुसलमानांना त्यांचा कायदा लावायचा. न्यायाधीश इंग्रज, संस्कृत येणार कुठून? म्हणून अदालतींना पंडित जोडून दिले गेले. पुढे मुंबई इलाख्यातही शास्त्री नेमले गेले. न्यायाधीश लेखी प्रश्न पाठवी: मयताच्या मागे विधवा आहे, विभक्त पुतण्या आहे, मिळकत कोणाची? शास्त्री लेखी उत्तर देई आणि खाली आधाराची वचने देई. ते वचन त्या ग्रंथात आहे का, असलेच तर या प्रश्नाला लागू पडते का, हे ठरवण्याचे कोणतेही साधन न्यायाधीशाजवळ नव्हते. समोर आलेले उत्तर ठाम भाषेत, आधारासकट लिहिलेले असे, आणि त्यावर माणसांच्या जमिनी इकडच्या तिकडे होत.

१७८३ मध्ये कलकत्त्याला न्यायाधीश म्हणून आलेल्या विल्यम जोन्सला ही अवस्था असह्य झाली. पंडित आपल्याला फसवत नाहीत याची खात्री काय, या प्रश्नाने तो संस्कृत शिकला. १७८८ मध्ये त्याने गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसला सुचवले, की मूळ वचनांचा एक मोठा संग्रह तयार करून तो इंग्रजीत आणावा, म्हणजे न्यायाधीशाला स्वतः पडताळता येईल. आपल्या इलाख्यात हेच काम फार देखण्या रीतीने झाले. रेमंड वेस्ट हा न्यायखात्यातला अधिकारी आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारा गेओर्ग ब्यूलर या दोघांनी मुंबई इलाख्याच्या निरनिराळ्या अदालतींतल्या शास्त्र्यांची उत्तरे गोळा केली आणि वारशावरचा खंड १८६७ मध्ये, वाटपावरचा १८६९ मध्ये छापला. आधी प्रश्न, मग शास्त्र्याचे उत्तर, मग त्याने दिलेले आधार आणि जागोजागी संपादकांचा शेरा, अशी त्या ग्रंथाची मांडणी आहे. उत्तर देणाऱ्याला मान द्यावा आणि त्याचा आधार मात्र उघडून पाहावा, ही शिस्त मला त्या पुस्तकाने शिकवली. महामहोपाध्याय पां. वा. काणे याच परंपरेतले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करता करता त्यांनी १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राचा इतिहास खंडाखंडाने प्रसिद्ध केला. तळटीपांत मूळ संस्कृत वचने दिलेली आहेत. काण्यांवर नुसता विश्वास ठेवून चालायची वेळ ते वाचकावर येऊ देत नाहीत.

१८६४ च्या ११ व्या कायद्याने अदालतीतल्या पंडितांची आणि काझींची पदे रद्द झाली. ग्रंथ छापले गेले होते, भाषांतरे झाली होती, निवाड्यांचे रिपोर्ट निघत होते. जोन्सला हवी होती ती पडताळणी आता शक्य झाली.

मग पक्षकाराला न्याय जास्त मिळू लागला का? इथे गोष्ट अवघड होते. दख्खनमध्ये लोक पोथीप्रमाणे कमी आणि रूढीप्रमाणे जास्त वागतात, हे मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीतल्या अधिकाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून आर्थर स्टीलने जातीजातींच्या चालीरीती विचारून लिहून काढल्या आणि सरकारने त्या १८२७ मध्ये छापल्या. त्याच वर्षीच्या मुंबईच्या चौथ्या रेग्युलेशनने लिखित कायदा नसेल तिथे देशातल्या वहिवाटीला पहिला मान दिला. प्रिव्ही कौन्सिलनेही १८६८ मध्ये मदुरेच्या खटल्यात सांगितले, की रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो लिखित वचनापेक्षा वरचढ ठरेल. पण वचन छापील होते आणि टेबलावर होते. रूढी माणसांच्या तोंडी होती, आणि ती ज्याची त्याने साक्षीदार आणून, दुसऱ्याच्या भाषेत, उलटतपास सोसून सिद्ध करायची होती. आधार तपासण्याची सोय झाली तसतसे जे आधारात लिहिलेले नव्हते ते ऐकण्याची निकड कमी झाली. काण्यांना पुढे ‘हिंदू कस्टम्स अँड मॉडर्न लॉ’ या विषयावर वेगळी व्याख्याने द्यावीशी वाटली, यात मला नवल वाटत नाही.

इथवर आल्यावर माझेही म्हणणे बदलते. हा लेख मनात जुळवत होतो तेव्हा मला प्रत्येक निवाड्याच्या पडताळणीचा कडक नियम हवा होता. तो आजही हवा. पण तो झाला म्हणजे वकिलीतली नीती सांभाळली गेली, असे म्हणायला मी तयार नाही. खोटा निवाडा पकडायला ग्रंथालय आहे, समोरचा वकील आहे, न्यायाधीश आहे. पक्षकाराची हकीकत चुकीची लिहिली गेली तर ती पडताळायला कोणता रिपोर्ट उघडायचा?

वाटपाचा एक दावा डोळ्यांसमोर आणा. बाई सांगते, आमची वाटणी सासरे असतानाच झाली, कागद केला नाही, धाकट्या दिराने सासूचे आजारपण काढले म्हणून विहिरीकडचे रान त्याला दिले, तेव्हापासून बांध घालून आम्ही वेगळे कसतो. हे सांगताना ती चार वेळा रडते, दोनदा मागे जाते, मधेच मुलीच्या लग्नाचे बोलते. वकिलाने सातबारा, फेरफार आणि तिच्या बोलण्याच्या चार ओळी यंत्राला दिल्या, तर दहा सेकंदांत सुरेख दावा तयार होतो: एकत्र कुटुंब, सामाईक मिळकत, समान हिस्सा. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे सामाईक आहेत, तेव्हा कागदाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. तोंडी वाटप तेवढे त्यातून गळाले. आता दिवाणी प्रक्रिया संहितेचा सहावा आदेश पाहा. महत्त्वाची वस्तुस्थिती दाव्यात यावी लागते, दाव्यात नाही त्याचा पुरावा ग्राह्य धरला जात नाही, आणि २००२ च्या दुरुस्तीनंतर खटला सुरू झाल्यावर दावा बदलून मागणे कठीण झाले आहे. त्याच आदेशाच्या पंधराव्या नियमाने खाली सत्यापन असते: वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. त्याखाली ती बाई सही करते, किंवा अंगठा उठवते. काही वर्षांनी पिंजऱ्यात उभी राहून ती वाटणीचे सांगू लागते तेव्हा समोरचा वकील विचारतो, हे दाव्यात का लिहिले नाही? आणि तिने तर पहिल्याच दिवशी सांगितलेले असते.

हा रोग यंत्राने आणला नाही. जुन्या फाइलमधला दावा काढून नावे आणि गट नंबर बदलण्याची रीत तालुक्याच्या प्रत्येक कोर्टाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज तर एकाच्या अंगावरून दुसरा उतरवल्यासारखे असतात. फरक एवढा, की जुन्या नकलेत शिवण दिसत असे. परक्या दाव्यातले एखादे नाव राहून जाई आणि न्यायाधीश खडसावत. यंत्राचा मसुदा त्या त्या प्रकरणाला नेमका बसतो, त्याचे मराठीही नीट असते, म्हणून पक्षकाराशी कोणी बोललेच नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. यंत्र जितके सुधारेल तितके हे झाकले जाईल. माझ्या ज्येष्ठांशी माझा मतभेद नेमका इथे आहे.

त्यांचे पहिले विधान मी मान्य करतो. देशात पाच कोटींहून अधिक प्रकरणे पडून असताना काम लवकर करणाऱ्या साधनाला नाके मुरडणे हा पक्षकारावर अन्याय आहे. चारशे पानांच्या नकलांतून तारीखवार टाचण काढणे, पोलिसांपुढचा जबाब आणि कोर्टातला सरतपास यांतल्या विसंगती शोधणे, उच्च न्यायालयासाठी मराठी कागदांचे पहिले भाषांतर करणे, ही कामे यंत्राकडून घ्यावीत आणि मूळ कागदाशी ताडून पाहावीत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आहे. सहा जिल्ह्यांचे मराठी कागद आता तिथे इंग्रजीत न्यावे लागतात, आणि भाषांतराचा खर्च लहान पक्षकाराला पेलत नाही. आणखी एक उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो: आपली बाजू लिहून झाल्यावर यंत्राला विरुद्ध पक्षाचा वकील व्हायला सांगावे. आपल्या युक्तिवादातली भगदाडे सुनावणीच्या आदल्या रात्री दिसलेली बरी.

मात्र कागद यंत्राच्या स्वाधीन करण्यापूर्वी ते कोणाचे आहेत याचा विचार हवा. वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट अशिलाच्या संमतीवाचून उघड करता येत नाही, हे भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ व्या कलमात आहे, आणि बार कौन्सिलच्या नियमांनीही वकिलाला त्याच बंधनात ठेवले आहे. फुकट मिळणाऱ्या साधनात टाकलेला मजकूर कुठल्या देशात साठतो, कोण वाचतो, पुढच्या यंत्राला शिकवायला वापरला जातो का, हे टाकणाऱ्याला बहुधा माहीत नसते. बलात्काराच्या फिर्यादीतले पीडितेचे नाव, लहान मुलाचे नाव, नवराबायकोच्या भांडणातले फोटो असे पाठवणे माझ्या मते सरळ गैरवर्तन आहे, मग मसुदा कितीही चांगला येवो.

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण केले: निष्कर्ष काढणे, दाद देणे, निकाल लिहिणे यांसाठी हे यंत्र वापरायचे नाही. न्यायाधीशासाठी ही रेघ बरोबर जागी ओढली आहे. वकिलासाठी ती अलीकडे ओढावी लागेल, कारण न्यायाधीशापुढे काय येणार हे वकिलाच्या खोलीत ठरते. माझी मागणी अशी आहे. दाखल केलेला प्रत्येक निवाडा मी स्वतः मूळ रिपोर्टात वाचला आहे, असे वकिलाने सहीनिशी लिहून द्यावे. अशिलाचे कागद बाहेरच्या यंत्रात टाकायचे तर त्याची समजून दिलेली संमती वकीलपत्राबरोबर घ्यावी. आणि दावा असो, कैफियत असो वा शपथपत्र, सत्यापनापूर्वी तो पक्षकाराला त्याच्या बोलीत वाचून दाखवला आणि काय राहिले असे विचारले, हे वाचून दाखवणाऱ्याच्या नावासह मसुद्याखाली नोंदवावे. मोफत विधी सेवेच्या पॅनेलवरच्या वकिलांपासून याची सुरुवात करावी. तिथला पक्षकार दुसरा वकील करू शकत नाही, आणि तिथेच यंत्राने वाचवलेला वेळ त्याच्याशी बोलण्यात घालवणे सर्वांत जास्त गरजेचे आहे. या नोंदीने एका दाव्यामागे अर्धा तास जास्त जाईल, असे माझे ज्येष्ठ म्हणतील. टाइपिंगचे आणि टाचणांचे जे तास यंत्राने सोडवले, त्यांतूनच तो द्यायचा आहे.