उचंत

काकूंचा शिवणाचा धंदा तळघरात चालतो. एडिसनच्या ओक ट्री रोडवर साडी घ्यायची आणि ब्लाउज शिवायला काकूंकडे टाकायचा, ही आमच्या भागातल्या बायकांची कित्येक वर्षांची सवय. हिशेबाची वही लाल कापडी पुठ्ठ्याची, सांगलीहून आणलेली. पहिल्या पानावर ‘श्री’, पुढे डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. 1996 साली लग्न झालं तेव्हा काकू बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होत्या. कॉलेज सुटलं, वहीची शिस्त राहिली.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी गावातल्या मिडलसेक्स या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. लष्कराचं जुनं रॅरिटन आर्सेनल होतं त्या जागेवर हे कॉलेज उभं आहे. पूर्वी जिथे दारूगोळा साठवत तिथे आज संध्याकाळी सात वाजता दिवसभर काम करून आलेली माणसं दप्तर उघडून बसतात. 1901 साली इलिनॉयमधल्या जोलिएटला असं पहिलं सार्वजनिक कॉलेज निघालं, तेव्हा विद्यार्थी होते अवघे सहा. वय, जुने मार्क, मधे सुटलेली वर्षं यांचा बाऊ न करता दार उघडं ठेवायचं, हे या कॉलेजांनी आजवर जपलंय. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो, तो यासाठीच.

पदवी साठ क्रेडिटची. काकूंनी एका सत्रात दोनच विषय घेतले: मंगळवारी अकाउंटिंग, गुरुवारी अर्थशास्त्र.

अकाउंटिंगच्या पहिल्याच तासाला त्या गोंधळल्या. त्यांच्या वहीत जमा डावीकडे आणि इथे क्रेडिट उजवीकडे! पण आठवडाभरात हात बसला. मग प्रत्येकाने एका छोट्या धंद्याचा हिशेब मांडून आणायचा होता. काकूंनी स्वतःचाच मांडला. ब्लाउजची शिलाई पंचवीस डॉलर. अस्तर, हुक, दोरा मिळून चार. हाती राहिले एकवीस. प्राध्यापिका दिवसा एका फर्ममध्ये हिशेब तपासत आणि रात्री शिकवत. त्यांनी पान उलटसुलट पाहिलं आणि पूर्ण मार्क दिले.

गुरुवारी तेच पान अर्थशास्त्राच्या सरांनी पाहिलं. त्यांनी एवढंच विचारलं, “एका ब्लाउजला वेळ किती लागतो?”

“चार तास.”

“ते चार तास कुठे लिहिलेत?”

काकू म्हणाल्या, “माझेच तर आहेत.”

सरांनी फळ्यावर आकडा लिहिला. ते 2024 साल होतं आणि न्यू जर्सीत किमान वेतन ताशी 15.13 डॉलर होतं. चार तासांचे 60.52. एकवीस हातात आले खरे, पण दुसरीकडे कामाला गेल्या असत्या तर मिळालं असतं त्याहून साडेएकोणचाळीस डॉलर कमी. हिशेबनिसाच्या लेखी मालकीण स्वतःला पगार देत नाही, जे घेते ती उचल. अर्थशास्त्र मात्र एका कामासाठी जे दुसरं सोडलं, त्याचीही किंमत धरतं. दोन्ही हिशेब बरोबरच होते. पण काकूंच्या डोळ्यांसमोरून तो दुसरा हिशेब हलेना.

त्या रात्री काखेची शिलाई घालताना त्यांनी मशीन मधेच थांबवलं. पायाखाली कापडाच्या चिंध्या, समोर सुईच्या दिव्याचा पिवळा ठिपका. कोरी वही काढली आणि त्या लिहायला बसल्या. शिवणाचे तास. स्वयंपाकाचे तास. मुलीच्या आजारपणातली जाग्रणं. सासूबाई सहा महिने येऊन राहिल्या, ते महिने. पहाटेपर्यंत सात पानं भरली. सकाळी काकांशी त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

मंगळवारी वर्गात तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, शिकवली. प्रत्येक नोंदीला समोरची नोंद हवी. एकच बाजू लिहिलेल्या वहीला वही म्हणत नाहीत, असं प्राध्यापिका म्हणाल्या, आणि काकूंना आपली सात पानं आठवली.

घरी येऊन त्यांनी उजवी बाजू आखली. पहिलं नाव शेजारच्या गुजराती बेनचं. मुलगी लहान असताना दोन वर्षं बेननी तिला सांभाळलं, एक पैसा घेतला नाही. मग वर्गातली ती डॉमिनिकन पोरगी, जी रात्री गाडीने घरी सोडते आणि पेट्रोलचं नाव काढू देत नाही. मुलगी, जिने एक्सेल शिकवलं. काकांची गोदामातली अकरा वर्षांची रात्रपाळी. काकूंनी आपल्या बाजूचं एक अक्षरही खोडलं नाही. दोन्ही बाजूंच्या बेरजा केल्या. जुळल्या नाहीत. जुळणार नव्हत्याच.

शनिवारी बेन आल्या, नातीच्या लग्नाचा ब्लाउज घेऊन.

“केटला?”

शिलाई आता पासष्ट आहे, असं काकूंनी सरळ सांगितलं. सांगताना आवाज जरा कापला, पण आकडा खाली आला नाही. मग वही उघडून बेनचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. एका बाजूला पासष्ट, दुसऱ्या बाजूला ‘मुलीला सांभाळलं’ आणि पुढे मोठी रक्कम.

“तुमच्याकडून पैसे नाही घेणार, बेन. पण फुकटही शिवत नाहीये. तुमचं देणं फेडतेय.”

बेनना मराठी वाचता येत नाही. त्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिल्या, बराच वेळ.

रात्री काका तळघरात उतरले. वही टेबलावरच होती. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. रात्रपाळीच्या नोंदीशी थोडं थांबले. मग खिशातलं पेन काढलं आणि आपल्या नावाच्या पानावर, देण्याच्या बाजूला, मराठीत एक ओळ लिहिली: ‘बी.कॉम., दुसरं वर्ष, 1996.’

रकमेची जागा त्यांनी कोरी सोडली. “इथे काय लिहू?”

काकूंनी वही जवळ ओढली. बेरजा जुळत नसल्या की फरकाची रक्कम तात्पुरती उचंत खात्यात टाकतात, चूक सापडेपर्यंत. ते त्या मंगळवारीच शिकल्या होत्या. त्यांनी पेन्सिलीने त्या ओळीपुढे ‘उचंत’ लिहिलं आणि सरकून काकांना बाकावर जागा करून दिली.

“अहो, बसा. गुरुवारची परीक्षा आहे. मला प्रश्न विचारा.”