मंडळीचा इतिहास कसा लिहावा?

खेड्यातील मंडळीचा वर्धापनदिन आला म्हणजे तिचा इतिहास लिहून काढावा असे पुष्कळांच्या मनात येते. ही इच्छा चांगली आहे. परंतु लिहावयास बसले असता एक कठीण प्रश्न पुढे उभा राहतो. जे घडले ते लिहावे, की जे शोभते तेवढेच लिहावे?

आपल्या वाशीमकडचेच पाहू. इंग्रजी अमलात वाशीम हा निराळा जिल्हा होता. १९०५ साली तो अकोल्यात मिळविण्यात आला, व १९९८ साली पुन्हा निराळा झाला. मंडळ्यांचेही तसेच झाले. वाशीमास प्रथम मेथडिस्ट मिशनने काम केले, पुढे १९३० नंतरच्या दशकात ते नाझरीन मंडळीच्या हाती आले. अकोला-खामगावकडे अलायन्स मिशन होते. ह्यामुळे आजोबाचा बाप्तिस्मा एका पंथात व नातवाचा दुसऱ्या पंथात, असे घडू शकते. मग पूर्वीच्यांचे श्रम गाळून, जणू सर्व काही आपल्याच पाटीखाली झाले असे लिहिण्याचा मोह होतो. बॅप्टिस्ट मंडळीने तर येथे अधिकच जपले पाहिजे. त्या पंथात प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते, वर बिशप नसतो. तिचे दप्तर तिच्याच हाती असते. त्यात खोटे लिहिले तर ते खोडावयास बाहेरून कोणी येणार नाही.

आता लोक काय लपवू पाहतात ते पाहू. पहिली गोष्ट भुकेची. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दुष्काळांत वऱ्हाडातील पुष्कळ अनाथ मुले मिशनच्या आश्रयास आली. "तुमचे वाडवडील भाकरीसाठी ख्रिस्ती झाले," असा टोमणा अजूनही कोणी मारतो, आणि आपली मुले मान खाली घालितात. म्हणून कित्येक म्हणतात, हे लिहूच नये.

आम्हांस हे पटत नाही. श्रीरामपूर मिशनचा पहिला बंगाली विश्वासी कृष्ण पाल हा सुतार होता. त्याचा हात निखळला, तो डॉक्टर थॉमस ह्यांनी बसविला, आणि त्यातून त्याची शुभवर्तमानाशी ओळख वाढली. २८ डिसेंबर १८०० रोजी केरीसाहेबांनी त्यास हुगळी नदीत बाप्तिस्मा दिला. हाताच्या दुखण्याची ही गोष्ट बॅप्टिस्टांनी कधी लपविली नाही. आणि उधळ्या पुत्रास शुद्धीवर कोणी आणिले? भुकेनेच. बापाने त्यास दारातच गाठून, तू प्रेमाने आलास की पोटासाठी, असे विचारिले नाही. माणूस कोणत्या वाटेने आला ह्यापेक्षा, धान्य वाटणे बंद झाल्यावर तो राहिला की नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. जे राहिले त्यांच्या भुकेची लाज कशाला? ती लपविली तर त्यांच्या टिकून राहण्याची साक्षही बुडते.

दुसरी गोष्ट नावांची. इतिहासात साहेबांचे नाव असते, मंदिराच्या खर्चाचा आकडा असतो. परंतु रात्री कंदील घेऊन गावोगाव पायी फिरणारा उपदेशक, बायांस शास्त्र वाचून दाखविणारी विधवा, भिंतीसाठी माती वाहणारी कुटुंबे, ही कोठे असतात? हा दोष जुनाच आहे. केरीसाहेबांचे मराठी व्याकरण १८०५ साली व कोश १८१० साली निघाला, हे पुष्कळांस ठाऊक आहे. त्या कामी त्यांस साहाय्य करणारे पंडित वैजनाथ ह्यांचे नाव किती जण जाणतात? साहेबांचा मान कमी करा असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे ऋण आहे ते मान्य करणे हाच न्याय, व तो गरिबासही लागू आहे.

तिसरी गोष्ट भांडणांची. कोठे मंडळीत फूट पडली, कोठे पूर्वीची जात मंदिरात शिरून बसण्याच्या जागा वेगळ्या झाल्या. हे लिहिल्याने मंडळीची नाचक्की होईल असे भय वाटते. परंतु प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक मंडळीचा पहिला इतिहास होय, आणि त्यात विधवांच्या वाटणीवरून झालेली कुरकुर व हनन्या-सप्पीरेचे कपट लिहिलेले आहे. पेत्राचा नकार तर चारही शुभवर्तमानांत आहे. ते गाळले असते तर त्याच्या पुढील धैर्याचा अर्थ आपल्यास कळला नसता.

तथापि सत्य सांगणे म्हणजे चव्हाट्यावर धुणे धुणे नव्हे. एखाद्या बहिणीचे घरातील दुःख, एखाद्या भावाचे पश्चात्तापाने मिटलेले पाप, ही इतिहासाची सामग्री नव्हे. प्रीती अशा गोष्टी झाकिते. आमच्या मते कसोटी अशी: ज्या गोष्टीने सर्व मंडळीचे बरेवाईट झाले व जी सर्वांदेखत घडली, ती लिहावी. जी एकट्याची होती, ती देवावर सोपवावी. आणि दोष लिहिताना दुसऱ्या वाड्याचा आधी व आपल्या वाड्याचा मागाहून, असे करू नये.

तेव्हा उपदेशक बंधूंनो, आळस करू नका. वृद्ध माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, विशेषेकरून वृद्ध स्त्रियांजवळ, कारण त्यांस कोणी विचारीत नाही. बाप्तिस्म्याचे रजिस्टर वाळवीपासून जपा. दप्तरात सापडलेले एका वहीत व ऐकलेले दुसऱ्या वहीत लिहा, म्हणजे दोहोंची सरमिसळ होणार नाही. मग ते सर्व मंडळीपुढे वाचून दाखवा.

यार्देन उतरल्यावर यहोशवाने स्मरणार्थ बारा धोंडे उभे केले, परंतु ते नदीतून त्याने एकट्याने आणिले नाहीत. प्रत्येक वंशाच्या एकेका माणसाने आपल्या खांद्यावर एकेक धोंडा वाहिला. पुढे मुले विचारतील की हे धोंडे कशाचे, तेव्हा प्रत्येक घरास उत्तर देता यावे, असा इतिहास आपण लिहावा.