नखाएवढे दुखणे

पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीसाठी बारा नावे काढताना दर वर्षी थोडी ओढाताण होते. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी या विधीत स्त्रियांनाही घेता येईल असा बदल केला. तेव्हापासून आम्ही दोन-चार भगिनींची नावे आवर्जून सुचवतो. आम्ही म्हणजे आजारी बंधुभगिनींना घरी जाऊन भेटणारा चार-पाच जणांचा गट. मागे एका वर्षी आम्ही अशाच एका आजारी भगिनीचे नाव दिले होते. त्यांना विचारूनच हे लिहीत आहोत. नाव लिहिलेले नाही, आणि कोणी ओळखलेच तर मनात ठेवावे.

या भगिनींना बारा-तेरा वर्षे फायब्रोमायाल्जिया आहे. सगळे अंग दुखते, झोपून उठले तरी थकवा जात नाही, अंगावरची चादर पायाला घासली तरी नको होते. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल. त्यामुळे घराबाहेर त्यांचे दुखणे फारसे कोणी खरे धरत नाही. आम्ही पाय धुण्याचा निरोप घेऊन गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "या वर्षी नको. अंगठ्याचं नख परत रुतलंय."

त्यातला 'परत' हा शब्द आम्ही ऐकलाच नाही. आमच्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई अगदी मायेने म्हणाल्या, "बाय, नखच ना? एवढं मोठं दुखणं तू इतकी वर्षं सोसतेस, मग नखाचं काय घेऊन बसलीस? प्रभूसाठी एक तास सोस." आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. त्या आल्या. चर्चमध्ये बरे दिसावे म्हणून पुढून बंद असलेले बूट घालून आल्या. फादरांनी पाय धुतला तेव्हा त्यांनी ओठ घट्ट आवळलेले आम्ही पाहिले, आणि ते भक्तीने असेल असे समजलो. पुनरुत्थानाच्या रविवारी त्या मिस्साला नव्हत्या. अंगठ्यात पू झाला होता, लाली पावलावर चढली होती आणि अंगात ताप होता.

आमच्या हेतूत खोट नव्हती, खोट हिशोबात होती. जो मोठे सोसतो त्याला लहान सोसणे सोपे जाते, असा तो हिशोब. पण भाजीची भरलेली पाटी डोक्यावर घेऊन चाललेल्या बाईच्या पाटीत आणखी एक नारळ टाकून "एकच तर आहे" असे आपण म्हणतो का? शरीराचे शास्त्रही हेच सांगते. सततच्या वेदनेने मज्जारज्जूतल्या मज्जापेशी जास्त हळव्या होतात आणि मग लहानसा धक्काही मेंदूपर्यंत मोठा होऊन पोहोचतो. १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ या संशोधकाने हा बदल प्रयोगातून दाखवला, आणि फायब्रोमायाल्जियातही असेच काही घडत असावे असे आज मानले जाते. म्हणजे आमच्या नखापेक्षा त्यांचे नख खरोखरच जास्त दुखत होते. आम्ही मात्र आमच्या अंगठ्यावरून त्यांचा अंगठा मोजला.

आणि ते नख पुन्हापुन्हा का रुतावे? यामागची कारणे आम्हाला पुढे कळली. नख सरळ रेषेत कापावे, कोपरे खोल गोल करू नयेत, असे डॉक्टर सांगतात. पण ज्यांची कंबर वाकत नाही आणि बोटांत नेलकटर दाबायचे बळ नसते, त्यांनी ते कसे करावे? त्या कशातरी वाकत, जमेल तसे कापत. दुखू लागले की कोपरा उकरून काढत. तेवढ्यापुरते बरे वाटे, पण आत राहिलेले टोक पंधरा दिवसांनी पुन्हा मांसात शिरे. दोनदा दवाखान्यात नख नुसते काढूनही झाले होते, पण नवे नख वाढले की पुन्हा तेच. कोमट पाण्यात पाय बुडवून बसा, असे सांगणे सोपे आहे. पाण्याची बादली उचलणार कोण? घरचे दिवसभर कामावर. मोठे दुखणे लहान दुखण्याला असे पोसत होते, आणि लहानामुळे लंगडत चालून मोठे आणखी वाढत होते.

यातली एक गोष्ट आम्हाला सर्वात जास्त लागली. चर्चची घंटा वाजली की आपण कान देतो. मिस्साची आहे की कोणी देवाघरी गेले, हे आपल्याला लगेच कळते. तीच घंटा कारण नसताना रात्रंदिवस वाजत राहिली तर? लोक कान बंद करतील, आणि मग आग लागल्याची घंटाही कोणी ऐकणार नाही. या भगिनींच्या शरीरात घंटा तशी वाजत असते. "दुखण्याकडे लक्ष देऊ नका, मन दुसरीकडे वळवा" असे त्यांना सर्वांनी शिकवले, आणि त्या आजारासाठी त्यात तथ्यही आहे. त्या बिचाऱ्या ते नीट शिकल्या. पण अंगठ्याची घंटा खरी होती. त्यांनी ती ओळखली, आम्हाला सांगितली, आणि आम्ही ती पुन्हा बंद करायला लावली.

पुढे आणखी एक गंमत झाली, गंमत म्हणवत नाही पण त्यांनीच तिला गंमत म्हटले. पायाला पांढरी पट्टी बांधलेली पाहून शेजारीपाजारी विचारपूस करू लागले. कोणी पेज आणली, कोणी केळी. त्या हसून म्हणाल्या, "बारा वर्षांत मी आजारी आहे हे कोणाला पटलं नाही. या नखाने पटवलं." फायब्रोमायाल्जिया ठरवण्यासाठी १९९० च्या निकषांत अंगावरचे १८ बिंदू दाबून पाहायचे असत आणि त्यांतले निदान ११ दुखावे लागत. २०१० च्या नव्या निकषांत ही दाबादाबी वगळली गेली. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस आपल्याला दुखते असे सांगतो त्याचा मान राखावा, असेही नोंदवले. डॉक्टर मंडळी बिंदू मोजायचे थांबली तरी आम्ही गाववाले अजून पट्टी आणि रक्तच शोधतो. ईयोबाचे मित्र पुढे फार बोलले हे खरे, पण आधी सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ गप्प बसले होते. आम्हाला सात मिनिटेही जमली नव्हती.

पू आणि सूज उतरल्यावर डॉक्टरांनी छोटी शस्त्रक्रिया सुचवली. अंगठ्याच्या मुळाशी भुलीचे इंजेक्शन द्यायचे, रुतलेली कड उभी कापून काढायची आणि तिच्या मुळावर फिनॉल लावायचे, म्हणजे तेवढी पट्टी पुन्हा उगवत नाही. फिनॉल म्हणजे तेच कार्बोलिक ॲसिड, जे जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये ग्लासगोत जखमा सडू नयेत म्हणून वापरले. नख पुन्हा रुतणारच नाही अशी हमी यातही नाही, पण शक्यता बरीच कमी होते. जखम काही आठवडे ओलसर राहते, एवढे धरून चालायचे.

आदल्या संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "दुखणं प्रभूला अर्पण करा, असं तुम्ही नेहमी सांगता. मग मी भूल घेतली, गोळ्या घेतल्या, तर माझं अर्पण कमी होईल का?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. हा प्रश्न आमच्याच बोलण्यातून जन्माला आला होता.

हाच प्रश्न भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी पोप बारावे पायस यांना विचारला होता. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांनी उत्तर दिले. वेदना टाळण्यासाठी औषध घेण्यात ख्रिस्ती माणसाला आडकाठी नाही, असा त्याचा आशय. दुखणे माणसाला थकवून टाकू शकते आणि ते उतरले तर प्रार्थनाही सोपी होते, असेही त्यांनी म्हटले होते. कोणी स्वखुशीने वेदना स्वीकारली तर ती त्याची देणगी. 'स्वखुशीने' या शब्दावर आम्ही त्या रात्री बराच वेळ बोलत होतो. दानपेटीत आपण आपल्या खिशातले पैसे टाकतो, शेजाऱ्याच्या खिशात हात घालून टाकत नाही. पवित्र गुरुवारी आम्ही नेमके तेच केले होते. अर्पण त्यांच्या पायाचे आणि पुढाकार आमचा.

आमच्या त्या वडीलधाऱ्या बाईंनी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बाय, तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं." उत्तर आले, "ओरडून ओरडून बारा वर्षांत घसा बसला."

आता महिन्यातून एकदा ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो तेव्हा आमच्यातली एक जण सोबत चांगले मोठे नेलकटर नेते. कोमट पाण्यात पाय भिजवायचा, नख सरळ कापायचे, कोपऱ्याला हात लावायचा नाही. त्या "थांब" म्हणाल्या की थांबायचे, कारण विचारायचे नाही. गेल्या खेपेला शस्त्रक्रियेची आठवण निघाली. त्या म्हणाल्या, "कापताना काहीच कळलं नाही. पण ते इंजेक्शन! सगळ्यात जास्त तेच दुखलं."

"इंजेक्शनच ना" हे शब्द आमच्यापैकी एकाच्या अगदी ओठांवर आले होते. बाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने उठून पाण्याची बादली बाहेर नेऊन ओतली.