राणीची मूर्च्छा

परदुःखाने व्याकूळ होणे हा मनुष्याचा स्वभावधर्म आहे, हे सिद्ध करण्यासाठी तत्त्ववेत्त्यांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. स्वार्थाच्या अर्थशास्त्राचा आद्य आचार्य म्हणून ज्याची ख्याती झाली, त्या अ‍ॅडम स्मिथनेही १७५९ साली प्रसिद्ध केलेला आपला पहिला ग्रंथ याच सहभावनेच्या विवेचनाला वाहिला होता. मला मात्र या प्रश्नाचे मर्म बुलढाणा तालुक्यातील धाडपासून फार दूर नसलेल्या अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात अधिक नेमके उतरलेले दिसते. तेथे छद्दंत जातक चितारलेले आहे. पूर्वजन्मीच्या सवतीमत्सराने पेटलेली काशीची राणी गजराजाचे दात आणवते. व्याधाचा विषारी बाण वर्मी लागलेला असतानाही तो हत्ती दात काढून देण्यास स्वतःच साहाय्य करतो. आणि ते दात प्रत्यक्ष समोर येताच, हुकूम सोडताना जिचा स्वर यत्किंचितही कापला नव्हता, तीच राणी मूर्च्छित होते. करुणा तिच्या ठायी नव्हती असे नव्हे. ती नजरेच्या टप्प्यापलीकडे पोचत नव्हती, इतकेच.

धाडच्या शिवारात पावसाने दडी मारली आणि ज्वारी करपली, म्हणजे शेजारीण न सांगता दोन भाकऱ्या जास्त थापते. पण गावची पैसेवारी पन्नास पैशांखाली उतरल्याचे कागद ज्या कचेरीत जातात, तेथे भूक ही केवळ एक रकाना असते. धर्माने दूरचे दुःख भिंतीवर चितारून डोळ्यांसमोर आणले. परंतु भिंतीपुढे उभा राहणारा माणूस घरी परततो आणि विसरतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर सुरू झाली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि तिच्या खर्चासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसला, ही गोष्ट मला म्हणूनच नीतिशास्त्राच्याही इतिहासातली वाटते. मुंबईचा कारकून पगारातील ती वजावट पाहून कुरकुरतो. धाडचे नावही त्याच्या कानावर गेलेले नसते. अशा सक्तीच्या दानात पुण्य कोठले, असे प्रवचनकार विचारतील, आणि त्यांचा प्रश्न सर्वस्वी गैरलागू आहे असेही नाही. परंतु पाझर तलावाच्या कामावर माती वाहून मस्टरवर अंगठा उठवणाऱ्या बाईला त्या कुरकुरीशी काहीएक कर्तव्य नसते.